लेकीचं अंथरूण

प्रयोग जमला तर बगळ्याच्या पदरात काय काय पडणार, याचा हिशेब प्रयोगशाळेत सगळ्यांना तोंडपाठ होता. निवृत्तीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ. खिडकीजवळची खोली हातची जाणार नाही. आणि जिन्यात गाठून "अजून येता का तुम्ही?" असं मधाळ आवाजात विचारणाऱ्या संचालकाला ते गिळावं लागेल. सूक्ष्मदर्शकावर मान वाकवून तासन्‌तास एका जागी उभा राहतो म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. नाव कुणी ठेवलं तेही त्याला ठाऊक होतं. त्याच्याच सहायिकेनं.

खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती. द्रव नायट्रोजनच्या टाकीत, पार तळाशी, करंगळीएवढी एक कुपी.

प्रयोग सांगायला सोपा होता. म्हाताऱ्या माणसाच्या मूळपेशी डिशमध्ये सोडल्या की त्या नुसत्या बसून राहतात. धड वाढत नाहीत, धड मरत नाहीत. कोवळ्या पेशींचं तसं नसतं. जिथे टेकतील तिथे त्या आपल्याभोवती बारीक धाग्यांची जाळी विणतात. दोन आठवडे विणू द्यायचं, मग साबणासारख्या द्रावणानं त्या कोवळ्या पेशी मारून धुवून काढायच्या. जाळी तेवढी मागे उरते. त्या तयार अंथरुणावर म्हाताऱ्या पेशी निजवल्या की त्यांना पालवी फुटते, असा बगळ्याचा दावा होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत ते असे.

म्हाताऱ्या पेशी त्यानं स्वतःच्याच दिल्या होत्या. "चौसष्ट वर्षांचा, सही करताना कटकट न करणारा माणूस मला आरशात सापडला," असं तो म्हणे. अडलं होतं ते कोवळ्यांपाशी. विशीतल्या पोरांच्या पेशी वापरून झाल्या. फरक पडला, पण मुदतवाढ मिळण्याइतका नाही.

कुपीतल्या पेशी आठ वर्षांच्या पोरीच्या होत्या. लेकीच्या आजारपणात तिच्या हाडातला मगज तपासायला काढला, तेव्हा त्यातले दोन थेंब त्यानं मागून घेतले होते. लेक त्याच वर्षी गेली. थेंब अकरा वर्षं राहिले. रोज संध्याकाळी तो घरात शिरला की बायको हातात पाण्याचा पेला देई आणि विचारी, "बरी आहे ना?" तो म्हणे, "आहे." त्यापुढे लेकीचा विषय त्या घरात निघत नसे.

"सर, ही शेवटची आहे," सहायिका म्हणाली. "जरा वाढवू, थोड्या परत गोठवू. मग काय ते करा."

"वाढवत बसलो तर त्याही पोक्त होतील. मला कोवळ्याच हव्यात."

"घरी विचारलंत?"

"गोठलेल्याला वाढदिवस येत नाही गं," बगळा म्हणाला. "आण ती."

कुपी उघडली. मोजक्याच पेशी जिवंत निघाल्या, एका डिशपुरत्या.

एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी बायको प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. हातात भाजीची पिशवी.

"दाखवा."

"काय दाखवू?"

"मला शिकवू नका. पाच दिवस झाले, 'आहे' म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघत नाही. बाहेर काढलीत ना तिला?"

बगळ्यानं मान डोलावली. सहायिकेनं तोंड उघडलं होतं. त्यानं हातानंच तिला थांबवलं. उबेच्या कपाटातून डिश काढली, भिंगाखाली सरकवली आणि बायकोला चष्मा काढायला सांगितला.

ती वाकली. बराच वेळ तशीच राहिली. भिंगाखाली लांबट, सडपातळ पेशी एकमेकींना खेटून पडल्या होत्या. उजेडात त्यांच्या कडा चमकत होत्या. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या.

"अगं बाई," ती म्हणाली. "तिरपी झोपलीय. पलंगावर अशीच झोपायची, आठवतं? डोकं माझ्याकडे आणि लाथा तुम्हाला." मग आवाज उतरला. "किती भरलीय हो. तिथं गारठून गेली असेल. आता परत थंडीत नाही ना घालायची?"

"नाही."

"आणि दुखत नाही ना तिला?"

"नाही," बगळा म्हणाला. एवढं मात्र खरं होतं.

ती हसली. तिचे दात बगळा विसरून गेला होता. "दर गुरुवारी येईन," म्हणाली, आणि पिशवी तिथेच विसरून जिना उतरून गेली.

सहायिका सिंकशी पाठमोरी उभी होती. "सर, तिला आपण पाच दिवसांपूर्वी धुतलं," ती म्हणाली. "मी नळ धरला होता. त्या डिशमध्ये तुम्ही आहात."

बगळ्यानं भिंगाला डोळा लावला. आपल्याच पेशी त्यानं कितीदा तरी पाहिल्या होत्या. उकिरड्यावरच्या काटक्यांसारख्या, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. आता एकही वेडीवाकडी नव्हती. जाळीचे धागे जसे गेले होते तशाच त्या निजल्या होत्या.

"तिरप्या आहेत," तो म्हणाला. "मी कधी तिरपा झोपलोय?"

नळ बंदच होता, तरी सहायिकेनं तो आणखी आवळला.

मुदतवाढ मिळाली. बायको दर गुरुवारी येते, स्टुलावर बसून भिंगात बघत आठवड्याच्या गोष्टी सांगते, आणि बगळा शेजारी उभा राहून तिच्या लेकीला, म्हणजे स्वतःला, एक दिवसाआड ताजं पोषण घालत राहतो. कुणाचंच काही गेलं नाही. फक्त लेक दुसऱ्यांदा गेली, आणि या खेपेला तिच्या आईला कुणी कळवलं नाही.