टाकीतली हवा

"नळीचं टोक गेलं का आत?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"गेलं," फिटर म्हणाला. टाकीच्या अंगाला एक लहानशी तोटी होती. तिचं बूच काढून त्याने रबरी नळी आत सारली होती. दुसरं टोक बाईंच्या हातातल्या मीटरला जोडलेलं होतं.

कारखाना बंद पडल्यापासून ही लोखंडी टाकी रिकामी होती, झाकण लावून ठेवलेली. कारखाना आता पुन्हा सुरू व्हायचा होता. आज टाकी काठोकाठ भरून ती गळते का ते बघायचं होतं. पंप तयार होता. साहेबांना कामगार पाठीमागे ‘चलाचला’ म्हणत, आणि ते आताही घड्याळ बघत होते.

"बाई, भरायचंय पाणी. हवा कशाला मोजताय?"

"लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. बंद टाकीत तो जितका घटला, तितका गंज जास्त. पत्रा किती खाल्लाय ते कळतं."

मीटरचा काटा स्थिरावला. बाहेरच्या हवेत असतो तेवढाच ऑक्सिजन आत होता.

"बघा!" साहेब खुलले. "म्हणजे टाकी ठणठणीत. चला, चला, पंप लावा."

फिटर पंपाकडे वळला. बाईंनी नळी बाहेर ओढली. टोकाला तांबूस भुगा चिकटला होता. त्यांनी तो बोटांत चोळून पाहिला.

"थांब रे. पंपाला हात लावू नकोस."

"आता काय झालं?" साहेब वैतागले.

"आत गंज मायंदाळ आहे, आणि हवा जशीच्या तशी. असं कसं होईल?"

"तुमचा मीटर बिघडला असेल."

"सकाळीच तपासून आणलाय. टाकी बंद नाहीये, साहेब. कुणीतरी ती उघडतंय."

"रिकाम्या टाकीत कुणाचं काय ठेवलंय?"

बाई वळसा घालून पलीकडे, भिंतीच्या बाजूला गेल्या. साहेब नाइलाजाने मागोमाग निघाले, फिटरही आला. माणूस वाकून आत जाईल एवढं झाकण तिकडे होतं. त्याला एकही बोल्ट नव्हता. ते नुसतं टेकवलेलं होतं.

फिटरने जोर लावला. झाकण करकरत बाजूला सरकलं.

"कोण आहे आत?" साहेब ओरडले. आवाज टाकीभर घुमला.

अंधारातून एका तरुण मुलीचा दबका आवाज आला, "हळू बोला हो. बाळाचा आत्ता कुठे डोळा लागलाय."