नळीमाशाची पिशवी

निशिकांत कुबलने पेजेचा वाडगा बाजूला सारला. "माका आज भूक नाय," तो बायकोला म्हणाला. समुद्र रिकामा झाल्यापासून गावात कोणालाच पोटभर मिळत नव्हतं, तरी त्याचा चेहरा तुकतुकीत दिसत होता. दर्शनाने त्याच्या पोटावरच्या पिशवीवर हात ठेवला. आत बाळ हलत नव्हतं. ती त्याला तशीच दवाखान्यात घेऊन गेली.

किनाऱ्यावरच्या बायकांना गर्भ राहीनासा झाला, तेव्हापासून मूल पुरुषच वाढवत. त्यांची पिशवी नळीमाशाच्या जनुकांपासून केलेली होती. काडीएवढा हा मासा खाडीतल्या समुद्रगवतात गवताच्या पात्यासारखाच उभा राहायचा, आणि अंडी नराच्या पोटाशी वाढायची. आता ते गवतही नव्हतं आणि मासाही नव्हता.

"नीट जेवत होता ना?" डॉक्टरबाईंनी तपासता तपासता विचारलं.

निशिकांतने दर्शनाकडे बोट दाखवलं. "ही वाळत चालली होती. माझी पेज मी हिच्याच वाट्यात घालतंय, रोज. हिका कळाक दिलंय नाय."

डॉक्टरबाईंनी यंत्र बंद केलं. "उपासमार झाली की हा मासा पिशवीतली थोडी अंडी अंगात जिरवून जगायचा. त्याच्याकडे अंडी ढीगभर असायची. तुमच्याकडे एकच होतं."

घरी आल्यावर दर्शनाने तीच पेज गरम करून त्याच्यापुढे ठेवली. त्याने नकारार्थी मान हलवली.

"जेवा," ती म्हणाली. "उद्यापासून तुमका परत भूक लागतली."