ओट्याचा उतार

प्रणिता उडीपाशी आली आणि थांबली. सकाळपासून सातव्यांदा.

"भ्यालीस तू," राधाकिशन सर बाकावरूनच म्हणाले. "हाड जुळलं, हिंमत काही जुळली न्हाई. रविवारी औरंगाबादला निवड हाय. तोवर जमलं न्हाई तर क्लबचे स्केट दुसऱ्या पोरीला देणार."

प्रणिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ महिने ती हेच ऐकत होती. औरंगाबादच्या स्पर्धेत उडी मारून उतरताना ती पडली, घोटा मोडला, अंबाजोगाईला प्लास्टर घातलं. ते निघालं आणि जो तो डॉक्टर झाला. अप्पा दुकानात कापड मोजता मोजता गिऱ्हाइकाला सांगायचे, पोरगी भ्याली. आई म्हणायची, आता शिवणक्लास लाव. नेमकं काय झालं, हे एकानंही विचारलं नाही. पडायला ती भीत नव्हतीच. हजार वेळा मारली तशीच उडी मारली होती, मग पडली कशी, हे तिला कळत नव्हतं. अशा पायांवर भरवसा ठेवायचा तरी कसा?

गावात केबल आली आणि बर्फावर गिरक्या घेणाऱ्या बायका पाहून तिनं हट्ट धरला, त्याला चार वर्षं झाली. इथं बर्फ कुठला? चाकांचे स्केट आले आणि मोंढ्यातला धान्याचा सिमेंटचा ओटा मिळाला, तोही लिलाव नसेल त्या दिवशी. सुरुवात हमालांच्या शेडकडून करायची आणि उडी रस्त्याच्या बाजूला मारायची, हा सरांचा नियम. कुणी उलटं गेलं तर सर मोंढा डोक्यावर घ्यायचे.

ती रस्त्याच्या कडेला जाऊन बसली आणि दात-ओठ खात नाड्या सोडू लागली. शेजारी केशरबाई सांडलेलं धान्य झाडून गोळा करत होती. नव्यानंच येऊ लागलेलं सोयाबीन तिच्या सुपात होतं.

"मावशी, पोती तर शेडपाशी उतरतात. तुम्ही रोज इकडंच कावून झाडता?"

"सांडलेलं सगळं घरंगळत इथंच येतंय की," केशरबाई मान वर न करता म्हणाली. "पावसाचं पाणी साचून माल भिजू नये म्हणून ओट्याला उतार दिलाय. मोंढ्यात कुणालाबी इचार."

प्रणितानं सुपातलं मूठभर सोयाबीन उचललं. ओट्याच्या मधोमध जाऊन तिनं ते अलगद सोडलं. दाणे क्षणभर थबकले आणि निघाले, ती चार वर्षं जिकडं उड्या मारत होती तिकडंच. औरंगाबादची फरशी सपाट होती. उताराला सरावलेल्या पायांना तिथं जमीन अंदाजाआधीच लागली होती.

"सर, हा उतार तुम्हाला माहीत होता?"

सरांनी घसा खाकरला. "उतारावर उडी लई उंच दिसती. पेपरात तुझा फोटो आला तो काय उगाच?"

म्हणजे माहीत होता. आठ महिने तिला भित्री म्हणताना माहीत होता, अप्पा गिऱ्हाइकांना तेच सांगत होते तेव्हाही माहीत होता. तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. तिनं ते पुसलं, नाड्या करकचून बांधल्या आणि केशरबाईच्या बाजूनं, खालून, सुरुवात केली.

"उलटी कुठं निघालीस?" सर ओरडले.

चढावर वेग येईना. तिनं तो मांड्यांतून ओढून काढला, ओट्याच्या मध्यावर आली आणि थांबली नाही. उडी बुटकी झाली, फोटो काढावा अशी मुळीच नाही. उतरताना ती डगमगली, दोन्ही हात पसरले आणि उभी राहिली.

मग ती वळून सरांपुढं येऊन थांबली.

"औरंगाबादची फरशी सपाट आहे ना, सर? मग सोपं जाईल."