तबेल्यातलं स्टूल

औषध चालू असेपर्यंत नवी घोडी ठणठणीत. थांबलं की पुन्हा पोटदुखीने लोळायची. "पोट रिकामं राहिलं की अल्सर उलटतो," डॉक्टर म्हणाले, "दिवसभर गवत चघळायला हवं." पण आधीच्या मालकाकडे राहिलेल्या जोडीदार घोड्याविना ती गवताला तोंड लावेना. "ही आणि बाबा, दोघं सारखीच हट्टी," म्हाताऱ्याची मुलगी करवादली. आई गेल्यापासून बाबांचंही ताट अर्धं परत यायचं. म्हाताऱ्याला आठवलं, तरुणपणी त्याचंही पोट असंच जळायचं. तेव्हा बायको तबेल्यात डबा आणून स्टुलावर ठाण मांडायची. "गुमान जेवा. डबा संपल्याशिवाय मी हलायची नाही." तो स्वयंपाकघरातलं तिचं स्टूल आणून घोडीसमोर बसला. "गुमान खा. मी हलायचा नाही." हळूहळू गवत कुरकुरू लागलं. मुलीने जेवायला हाक मारली. तो उठताच चघळणं थांबलं. तो पुन्हा टेकला. "माझं ताट इकडेच आण गं. आणि भरून वाढ."