निळ्या शटरची खानावळ

जुन्नरच्या पेठेत कुठं जेवायचं, हे आता मला विचारावं. दहावीत गेल्यापासून मी अनोळखी माणसांशीही बिनधास्त बोलते. त्या रविवारी किल्ला उतरून आलेल्या मुंबईच्या एका मावशींना मी मिसळ, बिर्याणी, सगळी ठिकाणं सांगितली आणि शेवटी ठोकूनच दिलं, "मासवडी मात्र आमच्या आईच्या खानावळीतच. कोपऱ्यावर, निळं शटर."

खानावळ अजून उघडलीच नव्हती. आईनं गाळा भाड्यानं घेतला, शेगडी आणली आणि मग तिचा धीरच सुटला. "आपल्याकडं कोण येतंय गं," म्हणत ती त्याच दुपारी चावी परत करायला निघाली. मीही सोबत चालले.

वाटेत त्याच मावशी भेटल्या. "काय चव होती गं मासवडीला," असं म्हणून त्यांनी पिशवीतून पुडा काढला. "खानावळीतल्या ताईंनी बांधूनही दिली. घ्या ना."

आईनं एक वडी तोंडात टाकली. चावता चावता ती थांबली. "हे तर माझंच सारण हाय," ती हळूच म्हणाली. पुडा अजून गरम होता.

आम्ही गाळ्यापाशी आलो. शटरला कुलूप होतं आणि कुलपावर आठवड्याची धूळ.

शेजारच्या दुकानातून गाळ्याचे मालक इब्राहिमचाचा म्हणाले, "चावी देताय ना, भाभी?"

"नाय चाचा. राहू द्या माझ्याकडंच."

आईनं कुलूप काढलं. शटर वीतभर वर गेलं, तोच आतून आईच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "या, बसा. गरमच वाढते."