ओझोन सुटेना

"सोडा गं हात!" भर रंगमंचावर मिथिला दात-ओठ खात पुटपुटली.

शाळेची विज्ञाननाटिका रंगात होती. तिघी-तिघी हात धरून ओझोन झाल्या होत्या. अणुबाँबच्या उष्णतेनं हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळून होणारा वायू म्हणजे मिथिला. लाजाळू म्हणून तिला बाईंनी एकही वाक्य दिलं नव्हतं. फक्त तिघींतली एक पळवायची होती. पण पहिल्याच तिघी ओझोनबाई गर्दीला घाबरून अशा चिकटल्या, की सुटेचनात! प्रेक्षक खिदळायला लागले.

मिथिला गर्रकन वळली. "हसा, हसा! हिला पळवून दुसरीकडे सोडलं की मी पुन्हा मोकळी, पुढच्यांना फोडायला. अशा हजारो तिकड्या फोडीन! मग उन्हातल्या घातक किरणांपासून तुम्हाला वाचवणार कोण?"

ऐकता ऐकता तिघींचे हात सुटले. मिथिलेनं एकीला ऐटीत विंगेत नेलं. टाळ्या थांबेनात, तशी ती पुढच्या तिघींना गाठायला नाचतच परत आली.