हुकमाची गाडी

"मलापण पोलिसांच्या गाडीतनं शाळेत जायचंय!" असं म्हणत नातीनं अंगणात लोळण घेतली, तेव्हा सरपंच तात्यांना चहाचा ठसकाच लागला.

बौद्धवाड्यातल्या करुणाला व्हरांड्यात नाही, वर्गात सगळ्यांबरोबर बसवा, असा कोर्टाचा हुकूम आला होता. तेव्हापासून तात्यांच्या सांगण्यावरून गावानं आपली पोरं घरी डांबून ठेवली होती. करुणा मात्र रोज फौजदारांच्या गाडीतून, महाराणीसारखी, साऱ्या गावासमोरून शाळेत जायची आणि घरोघरी पोरांचा जळफळाट व्हायचा.

शेवटी तात्या नातीला घेऊन गाडीला आडवे गेले. "हिलाबी न्या की, साहेब."

"नेतो की," फौजदार मिशीत हसले. "पण मागं एकच सीट आहे. करुणाला खेटून बसावं लागेल."

कुणी बघतंय का, म्हणून तात्यांनी मागं पाहिलं. अख्खा गाव पोरांना पावडर फासून रांगेत उभा होता!

तात्यांनी निमूटपणे नातीला आत चढवलं. ती थेट खिडकीकडं झेपावली.

करुणा तसूभरही हलली नाही. "खिडकी माझी," तिनं ठणकावलं, "कोर्टाचा हुकूम आहे."